जमिनीवर पडलेल्या फाशाबाबत

"'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, तिसऱ्या तळघरातील ड्रॅगन यापुढे दर गुरुवारी झोपलेला असेल.' बाबा, हे काय आहे?"

लेकीने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

"ब्लॉग," तो म्हणाला.

"ब्लॉग असा असतो? वर विषय, खाली संदर्भ, शेवटी आपला विश्वासू! ड्रॅगनला पाठवताय का?"

"त्यालाही प्रत गेलेली बरी. नंतर म्हणायला नको, कळवलं नाही."

तो पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक सांभाळायचा. आलेल्या पत्रावर एक क्रमांक, गेलेल्या पत्रावर दुसरा, अशी एकोणतीस वर्षं. हाडाचा कारकून. त्याने प्रेमपत्र लिहिलं असतं तर आधी डावीकडे समास सोडला असता. बायको म्हणते, सोडलाच होता.

पण या माणसाच्या लोखंडी कपाटात एक जाडजूड फाइल होती आणि तिच्यात गुहा होत्या, भुयारं होती, राक्षस होते. तरुणपणी दर रविवारी दुपारी तो धरून चार मित्र त्याच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसायचे. हा गुहेचं वर्णन करायचा, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगायचे आणि जमलं की नाही ते फासा ठरवायचा. कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा, एवढंच भांडवल. छापील नियम याला पसंत नव्हते, म्हणून त्याने घरीच नवे केले. ते अजून करतच होता, खेळायला कुणी नसताना. शेवटी लेक वैतागून म्हणाली, उंदरांनी खायच्या आत जगाला तरी दाखवा.

"जग नको," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "यांना वाचक एकच हवाय. अहो, मग सरळ फोन करा ना बोक्याला!"

"फोनला उत्तर द्यावं लागतं," तो म्हणाला. "ब्लॉगला नाही द्यावं लागत. न आलं तरी अपमान नाही."

बोका म्हणजे त्याचा जिवाभावाचा दोस्त. घाऱ्या डोळ्यांमुळे हे नाव पडलं ते पडलंच. खेळात बोक्याचा एक चोर होता. सहा वर्षं बोक्याने त्याला जपलं, वाढवलं, नावारूपाला आणलं. मग एका रविवारी चोर दोरीच्या पुलावर पोचला. पलीकडे जायला पंधराच्या वर पडायला हवे होते. बोक्याने फासा इतक्या जोरात टाकला की तो टेबलावरून उडून थेट कपाटाखाली गेला. बोका पालथा पडला, कपाटाखाली डोकं घातलं आणि ओरडला, "सोळा! सोळा पडलेत! ये, बघ!"

"टेबलाबाहेरचा फासा ग्राह्य धरता येणार नाही," हा खुर्चीतूनच म्हणाला.

"अरे, वाकून बघ तरी!"

हा वाकला नाही. दुसरा फासा टाकायला लावला, त्यावर दोन पडले आणि चोर दरीत गेला. बोका उठला, गुडघे झटकले आणि निघून गेला. बाकीचे दोघेही महिन्याभरात यायचे थांबले.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती. बोक्याचं चष्म्याचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावरच होतं, म्हणून हा तीन चौक लांब जाऊन दुसऱ्याकडून चष्मा करून घ्यायचा. तो दुसरा दिव्यच होता. त्याच्या चष्म्यातून याला जिन्याची शेवटची पायरी दोनदा दिसायची. दोन्हींवर पाय ठेवायचा प्रयत्न करत करत त्याने निम्मं आयुष्य काढलं होतं.

ब्लॉगला पहिल्या आठवड्यात सात भेटी आल्या.

"सहा तुमच्याच आहेत," लेक म्हणाली.

मग कुठून कसं कोण जाणे, लोक यायला लागले. 'काका, राक्षसाला कारणे दाखवा नोटीस दिली का?' असं एकाने विचारलं. याने गंभीरपणे उत्तर दिलं की दिली, खुलासा असमाधानकारक आहे. त्यावर लोक फिदा झाले. लेकीच्या मैत्रिणी तिला ड्रॅगनची तब्येत विचारू लागल्या. आपलं हसं झालं की कौतुक, ते याला कळेना. पण प्रत्येक शेऱ्याखालचं नाव तो आधी वाचायचा आणि ते बोक्याचं नसलं की मन खट्टू व्हायचं.

नववी नोंद लिहायला त्याला चार दिवस लागले. कार्यालयात त्याने आवक क्रमांक जावकला टाकला, जे आजवर कधी घडलं नव्हतं. शेवटी रविवारी सकाळी त्याने डोळे मिटून बटण दाबलं.

'विषय: जमिनीवर पडलेल्या फाशाबाबत. कळविण्यात येते की, फासा टेबलावरून खाली पडल्यास जे आकडे वर दिसतील ते ग्राह्य धरण्यात यावेत. हा नियम पूर्वलक्षी प्रभावाने, बावीस वर्षांपासून लागू समजण्यात यावा. तत्कालीन अधिकाऱ्याने वाकून पाहावयास हवे होते. त्याची चूक झाली.'

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी नाव नसलेला एक शेरा आला.

'महोदय, आदेश मिळाला. तथापि स्थळपाहणी न करता काढलेला आदेश आम्ही मानत नाही. रविवारी दुपारी हजर राहावे.'

त्याने तो शेरा सतरा वेळा वाचला. त्या आठवड्यात त्याने दोनदा टेबल पुसलं. तिसऱ्यांदा पुसायला निघाला तेव्हा बायकोने फडकं काढून घेतलं.

रविवारी बोका आला. केस पिकलेले, पोट सुटलेलं, डोळे तसेच घारे. दारातच थांबून त्याने याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"हा चष्मा कुठल्या गाढवाने केला?" बोका म्हणाला.

"आहे एक, तिकडे."

"वहिनींचा बघ कसा झकास बसलाय."

याने बायकोकडे पाहिलं.

"बावीस वर्षं तिथूनच करते," बायको म्हणाली. "तुमचा ब्लॉग आहे, हे त्यांना आपोआप कळलं असं वाटलं की काय?"

तेवढ्यात बोका कपाटापाशी गेलाही होता. एक हात भिंतीला लावून, हुश्श करत तो खाली बसला, मग पालथा पडला आणि मान वळवून म्हणाला, "ये. बघ."

गुडघे कुरकुरले, कंबरेने हरकत घेतली, पण हाही खाली बसला. मग आडवा झाला. गाल फरशीला टेकवून त्याने कपाटाखाली पाहिलं. धूळ होती, केसांची एक पिन होती, पेनाचं एक टोपण होतं. फासा नव्हता. घराला रंग दिला तेव्हाच तो कचऱ्यात गेला असणार.

"सोळा," तो म्हणाला.

"नीट बघ. तुझा चष्मा वाईट आहे."

"सोळाच आहेत रे."

बोक्याने नाक ओढलं. धुळीनेही असेल.

"वाकायला बावीस वर्षं लावलीस," तो म्हणाला.

"वाकलो खरा. आता उठता येईलसं वाटत नाही."

"मलाही नाही."

स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली. दोघांनी ओ दिली आणि तसेच पडून राहिले.