डावा सांधा

मी एक जुनी, मोडकी व्हीलचेअर आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

माझा जन्म साताऱ्याजवळच्या एका कारखान्यात झाला. माझा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, म्हणून मी फार हलकी. पण या धातूवर हवेने पांढऱ्या गंजाची कमकुवत साल धरते. सांधा चिकटवण्याआधी ती आम्लात काढावी लागते आणि रसायनात बुडवून पक्का थर चढवावा लागतो. नाहीतर गोंद धातूला धरत नाही, सालीला धरतो. हे काम रेश्माकडे होते. तिचा हात चोख होता.

माझा उजवा सांधा तिने नीट केला. डाव्याची पाळी आली तेव्हा सुपरवायझर जयराजने, माल आजच जायचा आहे म्हणून, उरलेले भाग नुसते पुसून पुढे द्यायला सांगितले.

"सायेब, साल तशीच ऱ्हायली तर सांधा सुटून माणूस पडंल," रेश्मा म्हणाली.

"रंगाखाली कुणाला दिसतंय? दे पुढं."

तिने दिले.

मी कडेगावला गेले, फौजेत दोन्ही पाय गमावलेल्या तानाजींकडे. त्यांच्या पत्नी बनाबाई मला एका हाताने उचलत. दोन वर्षे तानाजी स्वतः उसाचे पाणी बघायला जात आणि भेटेल त्याला माझे कौतुक सांगत. मग एके सकाळी कालव्याच्या उतारावर माझा डावा सांधा सुटला. तानाजी दगडांवर आपटले, उजवे मनगट मोडले. कारखान्याने कळवले की, खुर्ची नीट वापरली नाही.

बनाबाईंनी मला एसटीत घातले आणि थेट मालकांच्या टेबलावर आणून आदळले. रेश्माला बोलावले गेले. सुटलेल्या गोंदाला पांढरी भुकटी चिकटली होती. उजवा सांधा घट्ट होता.

"ही साल मी काढली न्हाई," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "जयराज सायबांनी पुसून द्या म्हटलं, आन् मी गप बसले."

मालकांनी नवी खुर्ची देऊ केली. बनाबाई ती घेईनात.

"आदी त्या दिशीच्या समद्या खुर्च्या माघारी आणा. तवर मी हितनं हलत न्हाई."

बनाबाई संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिल्या. शेवटी मालकांनी गिऱ्हाइकांना फोन लावले. एकोणीस खुर्च्या परत आल्या, त्यातल्या सात सुटायच्या बेतात होत्या. जयराजला काढले. रेश्मा आता सांधा तपासल्याशिवाय काहीच पुढे जाऊ देत नाही.

पण तानाजींचे मनगट वाकडेच जुळले. नव्या खुर्चीचे चाक त्यांना एकाच हाताने फिरवता येते, म्हणून शेताकडे बनाबाई ढकलत नेतात.

मित्रांनो, कामात चोरलेला अर्धा तास कुणाच्या तरी हाडांतून वसूल होतो. तसे करू नका. कुणी करायला लावले, तर त्याच क्षणी भांडा. नंतर खरे बोलून मनगट सरळ होत नाही.