उसन्या वस्तूंचं कपाट

देणगी देणाऱ्या फंडाच्या मॅडम गुरुवारी अकराला येणार होत्या आणि ताईंची नोकरी राहणार की जाणार, हे त्या भेटीवर ठरणार होतं. आमच्या ट्रस्टच्या इमारतीत कमी भाड्याच्या अठ्ठेचाळीस खोल्या आहेत. लिफ्टला, रंगाला देणगी मिळते. रहिवाशांची विचारपूस करणाऱ्या ताईंच्या पगाराला मात्र कोणी पैसे देत नाही. त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी कुठे लावणार?

मी देणग्या मिळवण्याचं काम करते. रसायनशास्त्र शिकले म्हणून ताई मला शास्त्रज्ञबाई म्हणतात, फारसा आदर न ठेवता.

बुधवारी ताई एका रहिवाशाला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. मी त्यांचं कपाट आवरायला काढलं. आत सहा स्क्रू-ड्रायव्हर, दोन इस्त्र्या, चार किसण्या, एक वजनकाटा. प्रत्येकाला खोली नंबरची चिठ्ठी. किती विसरभोळ्या, असं मनात म्हणत मी दोन तासांत सगळं ज्याचं त्याला परत केलं, सह्या घेऊन. एकतीस नंबरने दार उघडलं नाही, म्हणून स्क्रू-ड्रायव्हरची पिशवी कडीला अडकवली आणि तसं बाहेरूनच ओरडून सांगितलं.

संध्याकाळी ताईंनी कपाट उघडलं.

"सामान कुठंय?"

"परत केलं. सह्यांची यादी आहे."

ताई खाली बसल्या. "सहा वर्षांचं काम दोन तासांत उरकलंस की."

मला काही कळेना.

"कसे आहात विचारलं, तर आतून 'बरं आहे' येतं. दार उघडत नाही. किसणी मागितली की उघडतं. परत द्यायला गेलं की पुन्हा उघडतं. एकतीसचे घड्याळवाले काका बायको गेल्यापासून कुणाशी बोलत नाहीत. स्क्रू-ड्रायव्हर मागितला की माझ्या वेंधळेपणावर तेवढं बोलतात."

"मग आता?"

"आता काय, पुन्हा पहिल्यापासून मागायचं."

गुरुवारी मॅडमनी विचारलं, "यांचं काम नेमकं काय?" मी चार आलेख तयार ठेवले होते. ताई म्हणाल्या, "वर चला, दाखवते."

बारा नंबरच्या नर्सने दार उघडलं. "इस्त्री? कालच तर आली परत."

"आज लागतेय."

"स्वतःची घ्या ना एखादी," म्हणत ती इस्त्री घेऊन आली, आणि सोबत हॉस्पिटलची एक नोटीसही. "कामावरून आलीय. नेमकं काय म्हणतायत, जरा वाचून सांगता?"

एकतीसच्या कडीला माझी पिशवी तशीच होती. ती पाहून ताईंची पावलं भराभर पडू लागली.

"काका, स्क्रू-ड्रायव्हर हवाय."

ताईंनी दार पुन्हा ठोठावलं. मग बारीक आवाज आला, "काल कोणीतरी बाहेर अडकवलाय."

"तो नको. बारीक हवा."

"तुम्हाला बारीक आणि जाड कधीपासून कळायला लागलं?"

काहीतरी सरकल्याचा आवाज, आणि दार उघडलं. काका खुर्चीला धरून उभे होते. उजवा पाय पोटरीपर्यंत सुजलेला, लाल. मंगळवारपासून ते खाली उतरले नव्हते. काल मी याच दारावर दोन टकटक करून, मोकळी होऊन निघून गेले होते.

मी डॉक्टरांना फोन लावला. ताईंनी पाय उशीवर ठेवला. मॅडम मधल्या वेळात स्टुलावर बसल्या होत्या. आलेख कोणी मागितले नाहीत.

फाटकापाशी मॅडम म्हणाल्या, "पगारासाठी आम्ही सहसा देत नाही. विचार करून कळवते."

"सावकाश कळवा," ताई म्हणाल्या. "तुमचं पेन देता जरा? माझं चालत नाही."

मॅडमनी ताईंच्या खिशातल्या दोन पेनांकडे पाहिलं. मग स्वतःचं काढून दिलं.

"मंगळवारी परत आणून द्या. अकराला. येताना अर्ज घेऊन या, पगाराचाच."

ऑफिसात येऊन मी एक चिठ्ठी लिहिली, 'फंड, मंगळवार', आणि पेनाला बांधून कपाटात ठेवली, इस्त्रीच्या शेजारी.