ऐंशीवरचा काटा

गाडी शेडच्या दारात थांबली आणि आधी उतरली ती माझी बायको, छातीवर हात धरून.

"वन्सं, पुन्हा तुमच्या गाडीत बसायची नाही मी! भाजी आणायला गेलो होतो की शर्यतीला?"

"दर शनिवारी हेच म्हणतेस आणि पुढची सीट धरतेस," ताई म्हणाली. बायको पिशवी घेऊन घरात गेली, तशी ताईने किल्ली माझ्या हातात ठेवली. "इंजिन तापायला लागलंय. तापलं की लगेच कळेल असा एक छोटा काटा बसवून दे समोर."

माझी ही थोरली बहीण नर्स आहे. घरोघर जाऊन अंथरुणावरच्या पेशंटांची ड्रेसिंग करते, त्यामुळे दिवसभर गाडीतच. आमच्या घरात तिला सगळे 'ऐंशीवाली' म्हणतात. शेजारी बसणाऱ्याची नजर मीटरवर जाते, काटा ऐंशीवर असतो आणि बसणाऱ्याचा जीव टांगणीला. तिची सख्खी मुलगी बसने फिरते. मी तर धाकटा असूनही अकरा वर्षं तिला डोस पाजत आलोय, "ताई, वयाला शोभेल असं चालव गं." ती नुसती हसते.

माझा धंदाच मीटरचा. लोकांना हवे तसे काटे, हव्या तशा तबकड्या गाडीत बसवून देतो. सुरुवात अकरा वर्षांपूर्वी ताईच्या याच गाडीपासून झाली. मीटरचे आकडे दिसत नाहीत, मोठ्या आकड्यांची पांढरी तबकडी बसव, म्हणाली होती. तेव्हापासून माझ्या हातचा काटा कधी खोटं बोलत नाही, हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतो. त्याने विचारलेलं नसलं तरी.

इंजिनात पाणी कमी होतं, ते भरलं. मीटर उतरवलं, मोकळ्या कोपऱ्यात नवा काटा बसवला, इंजिनापासून वायर ओढली, सगळं पुन्हा चढवलं आणि एक चक्कर मारायला निघालो. समोर मोबाइलवर नकाशा लावला होता, तोही वेग दाखवतो. मोबाइल म्हणाला चाळीस. काटा म्हणाला साठ.

"भिकार मोबाइल!" मी मोठ्यांदा म्हणालो. पुढे सरळ रस्ता लागला. मोबाइल साठ, काटा ऐंशी. मग मात्र गाडी कडेला घेतली.

शून्यापाशी एक बारीक खिळा असतो, काटा त्याला टेकतो. पण आतली स्प्रिंग त्याला खिळ्याच्याही खाली ओढत असते. म्हणून तबकडी बदलताना, काटा उपसण्याआधी तो खिळ्यावरून अलगद पलीकडे सोडायचा आणि तो जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. मग परत बसवताना त्या खुणेवर बसवायचा. आज हे मी झोपेतही करतो. ताईची तबकडी बसवली त्या पहिल्या दिवशी मला ठाऊकच नव्हतं. मी काटा थेट शून्यावर दाबून बसवला होता. उभ्या गाडीत अगदी बरोबर, आणि धावत्या गाडीत वीस जास्त!

परत आलो तेव्हा ताई स्टुलावर बसून मटार सोलत होती.

"ताई, तू कधी ऐंशीनं गेलीच नाहीस."

"माहितीय. वीस वजा करायचे."

"कधीपासून माहितीय?"

"पहिल्या आठवड्यापासून. हायवेवर जाणाऱ्या गाडीचा वेग दाखवणारी पाटी आहे ना, तिथे कळलं."

"आणि अकरा वर्षं गप्प बसलीस? अगं, मी तुला काय काय बोललो! सगळ्यांसमोर!"

"बोललास खरा. माझ्या वाढदिवसाला तर भाषणच ठोकलंस." तिने पुढची शेंग उचलली. "कारखाना बंद पडल्यावर आठ महिने तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. ते मीटर बसवलंस आणि संध्याकाळी हात धुताना शीळ घातलीस. मी दारातच उभी होते. म्हणू काय, काटा चुकलाय म्हणून? वीस वजा करायला काय अक्कल लागते?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सिरिंजवरच्या रेघा बिनचष्म्याने वाचणारी ही बाई, हिला मीटरचे आकडे दिसत नव्हते होय! माझे डोळे भरून आले.

"मटारात पाणी पाडू नकोस," ताई म्हणाली. "काटा नीट कर जा."

मी शून्याच्या वीस खाली खूण करून काटा तिथे नीट बसवला आणि दोघं निघालो. ताई चालवत होती. काटा साठ, मोबाइलही साठ.

"आता वजा करायचं नाही हं," मी म्हणालो.

"नाही करत." पुढे रस्ता रुंद आणि रिकामा होता. ताई सीटवर सरळ होऊन बसली. "अकरा वर्षं ऐंशीच्या शिव्या खाल्ल्या रे, पण ऐंशी काही पाहिली नाही. आज बघू."

सत्तर. पंचाहत्तर. इंजिनाचा नवा काटा आपल्या जागी शांत होता. मोठा काटा ऐंशीवर टेकला, मोबाइलनेही ऐंशी दाखवली आणि ताई खुदकन हसली.

मी खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि तोंडातून 'हळू' निघू दिलं नाही.