पोलाला शेंदूर

गंगापूर रोडला कृष्णानं इलेक्ट्रिक गाड्या चार्ज करायचं स्टेशन उभारलं, तेव्हा त्यात सगळं होतं. निळ्या पत्र्याचं शेड होतं, कंपनीनं दिलेलं मशीन होतं, मशीनला गुंडाळलेलं प्लास्टिक होतं. फक्त वीज नव्हती. कुणी नुसता मोबाईल चार्जिंगला लावायला आला, तरी कृष्णा त्याला समोरच्या पंक्चरवाल्याकडं पाठवायचा.

जागा वडिलांची, मल्हाररावांची. तिथं एक लिंब होता आणि दुपारची मेंढरं त्याच्या सावलीत बसायची. गाड्यांना वळायला जागा पाहिजे म्हणून कृष्णानं लिंब पाडला. "करंट कधी येनार?" एवढंच मल्हारराव विचारत राहिले.

"येतोय आप्पा. कोटेशनचे पैसे भरलेत ऑफिसात."

कंपनीनं मात्र बजावलं होतं, दिवाळीपर्यंत करंट आला नाही तर मशीन उचलून दुसरीकडं बसवू.

श्रावणात एकदाचा वायरमन फकिरा सिमेंटचा पोल घेऊन आला आणि शेडसमोर आडवा टाकून गेला. "उभा करायला गँग येईल," म्हणाला. कधी, ते म्हणाला नाही. आता रस्त्याकडेला पडलेला पोल म्हणजे कुणाचाही पोल. रात्रीतून दुसऱ्याच्या विहिरीवर जाऊन उभा राहतो, आणि मग तो कधी आपला होता हे कुणालाच आठवत नाही. कृष्णानं डोकं चालवलं. पोलाला शेंदूर फासला, वर भंडारा उधळला, झेंडूचा हार घातला.

"कोनी इचारलं तर देव हाये म्हनायचं, आप्पा."

"कोनता?"

"ते ज्याचं त्यानं ठरवावं."

खुलताबादचा मारुतीच झोपलेला, त्यामुळं आडव्या देवाचं या भागात कुणाला नवल नाही. आठवड्यात नारळ फुटायला लागले. कुणीतरी घंटा टांगली. पोलाला बोट लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

दसऱ्याला गँग आली. फकिरानं पोल पाहिला आणि आधी चपला काढल्या.

"घ्या की उचलून," कृष्णा म्हणाला.

"देवाला दोर लावू व्हय? घरी लेकरं हायेत मला."

"अहो भाऊ, मीच फासलाय शेंदूर! चोरीला जाऊ नये म्हनून!"

"असं बोलू नका," फकिरा हळूच म्हणाला. "ऐकतोय त्यो."

गँग पाया पडून गेली. दुसऱ्या पोलासाठी कृष्णा विजेच्या ऑफिसात गेला, तर तिथं उत्तर तयार होतं: तुमचा पोल तुमच्या दारात पडलाय की.

त्याच दिवसांत देवगाव रंगारीचा रामहरी नारळ घेऊन आला. त्याचंही चार्जिंग स्टेशन, त्याचाही करंट अडलेला. तो पोलाला नवस बोलला. कृष्णा शेडमधून बघून गालात हसला.

रामहरीला पंधरवड्यात करंट आला. मशीन नव्हतं, तेवढीच अडचण होती. दिवाळी सरली तशी कंपनीची गाडी आली आणि कृष्णाचं मशीन प्लास्टिकसकट उचलून देवगावला घेऊन गेली.

नवस फेडायला रामहरी पेढे घेऊन आला. "मालक, लई कडक देव हाये तुमचा."

कृष्णानं पेढा घेतला. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

तो गेल्यावर मल्हाररावांनी विचारलं, "तू कधी मागितलं व्हतं का त्याला?"

"पोलाला काय मागायचं, आप्पा?"

"मंग त्याला तरी कसं कळावं?" असं म्हणून ते मेंढरांकडं गेले.

शेड आता मोकळंच होतं. मल्हाररावांनी मेंढरं आत हाकून बघितली, पण पत्रा असा तापला होता की ती लगेच बाहेर आली.

कृष्णा उठला, पोलासमोर जाऊन त्यानं हात जोडले. करंट मागावा तर मशीन नव्हतं. मशीन मागावं तर ते आता रामहरीच्या नवसाचं होतं. बराच वेळ विचार करून त्यानं लिंब मागितला.

डोळे उघडले तेव्हा मेंढरं लिंबाच्या बुडख्याभोवती, रोजच्या जागी, भर उन्हात बसली होती.