पांढऱ्या फडक्यातलं कार्ड

अज्वा दूध पिता पिताच झोपली होती. झोपेतही तिचे ओठ चुटूचुटू चालत होते. पोमाने तिला टेबलाखालच्या टोपलीत, पांढऱ्या फडक्यावर अलगद टेकवलं आणि पाठ सरळ करते न करते तोच जिन्यावर सेर्वाची पावलं वाजली. सेर्वा जिना चढायला लागली की खालच्या शिवणाच्या दुकानातल्या बायकाही मशीन थांबवून वर बघत.

"पोमा, नाना बिरागोंच्या शूटिंगचं कार्ड काढ. उद्या सरोवरावर जायचंय."

"एकदम काय झालं, सिस्टा?"

"झटका आला नानांना, त्या राणीमातेला. तोंड वाकडं झालंय, वाचा गेली. बैदू निरोप घेऊन आलाय. म्हातारी डाव्या हातानं सारखी कानाकडे दाखवते म्हणे. स्वतःचं ते भरून ठेवलेलं बोलणं ऐकायचंय तिला."

मागून बैदू आला, कॅमेऱ्याची पिशवी एका खांद्यावर आणि केंकीचं, आंबवलेल्या मक्याच्या गोळ्यांचं, पुडकं हातात. "लवकर या म्हणालेत. आणि लवकर म्हणजे तुम्हा असांती लोकांचं लवकर नव्हे, आम्हा फान्तींचं."

"तू खा आधी, फान्ती. पोट भरलं की तुझं तोंड बंद होतं," सेर्वा म्हणाली.

पोमाने कपाटातला पत्र्याचा डबा काढला. आत लाल चिंध्यांत गुंडाळलेली कार्डं ओळीनं बसली होती. तिनं एकेक उलटून पाहिलं. "यांत नाही, सिस्टा. लाल तर सगळी इथंच आहेत."

"लाल नव्हे गं," बैदू घास गिळत म्हणाला. "पांढऱ्यात. निघताना नानांनी तुझ्या होणाऱ्या बाळासाठी जुनं फडकं दिलं होतं ना, मऊसूत, काठाला निळा दोरा? मी म्हटलं, त्यांचं बोलणं त्यांच्याच फडक्यात राहू दे. शकुनाचं."

पोमाची नजर टोपलीकडे वळली. अज्वाच्या गालाखाली, दुधाच्या ओल्या डागाशेजारी, निळा दोरा दिसत होता.

तिनं टोपलीशी वाकून तो दोरा पुन्हा पाहिला.

'तिये फिल्म्स'मध्ये माणसं तीनच. तिये म्हणजे ऐक. सेर्वा फिल्म बनवायची, बैदू कॅमेरा आणि आवाज सांभाळायचा, पोमा कापून जोडायची. कार्डांची रीत पोमानेच घातलेली. भरलेलं कार्ड लाल चिंधीत, कोरं पांढऱ्या. लाल म्हणजे मर्तिक, हात लावू नका; पांढरं म्हणजे शुभ, खुशाल घ्या. या कुमासी शहरात शेंबड्या पोरालाही हे रंग सांगावे लागत नाहीत, म्हणूनच तर तिनं ते निवडले होते. कागदाच्या चिठ्ठ्या घामानं पुसतात, रंग पुसत नाही.

बाळंतपणानंतर ती परत आली तेव्हा सेर्वा आणि बैदू उत्तरेकडे गेलेले. एका मावसबहिणीच्या लग्नाचं काम आलं. अज्वा रडत होती, नवरीकडचे खाली हॉर्न वाजवत होते. पोमाने पांढऱ्या फडक्यातलं कार्ड घेतलं, सवयीनं कोरं करून कॅमेऱ्यात घातलं. आणि फडकं? फडकं इतकं मऊ होतं की तिनं ते धुऊन टोपलीत अंथरलं.

"पण सिस्टा, दुसऱ्या डिस्कवर उतरवलं असेल ना?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "आपण नेहमी उतरवतो..."

सेर्वानं डब्याचं झाकण लावलं. मग सावकाश म्हणाली, "नाही उतरवलं. शब्द दिला होता मी. नानांनी त्या दिवशी त्यांचं बोलणं लोकांना सांगणाऱ्या ओचामेला बाहेर घालवला, मग आम्हाला. म्हणाल्या, तुमचं यंत्र चालू ठेवा आणि दार लावून घ्या. परत आत बोलावलं तेव्हा डोळे सुजलेले. म्हणाल्या, 'हे मी आधी ऐकेन. माझ्या कानाला पटलं तर जगाला ऐकवा. तोवर कुठल्या यंत्रात घालू नका.' मी मान डोलावली. आईसारखी म्हातारी, पोमा. मी काय करणार होते?"

म्हणजे ते बोलणं कुणी ऐकलेलंच नव्हतं. बैदूनंही नाही, तो कानावरची यंत्रं काढून बाहेर आंब्याखाली बसला होता. सरोवराच्या पोटात गेलेल्या गावाची फिल्म, आणि त्या गावाच्या राणीमातेनं जे आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही, ते एका नखाएवढ्या कार्डावर होतं. आता त्या कार्डावर तिच्या मावसबहिणीची वरात नाचत होती.

सेर्वा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं केंकीचं पुडकं बैदूच्या हातातून घेतलं, खिडकीत ठेवलं आणि म्हणाली, "चल, आसुओ गल्लीतल्या त्या पोराकडे. तो मेलेल्या डिस्का उठवतो म्हणतात."

तो 'पोरगा' पन्नाशीचा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. दुपारभर त्यानं कार्ड उकरलं. पोमा अज्वाला पाठीशी बांधून उभी होती. पाय दुखत होते, पण खुर्चीवर बसायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं. पडद्यावर एकेक तुकडा वर यायचा, प्रत्येक वेळी ती पुढं वाकायची, आणि प्रत्येक वेळी तीच तुतारीवाली माणसं, तीच घामेजलेली नवरी.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "जुन्या घरावर नवं घर बांधलंय तुम्ही. पाया खणला तरी नवंच निघतंय."

दुसऱ्या दिवशी ते बोटीवर होते. सरोवर शांत होतं. बुडालेल्या झाडांचे काळे शेंडे पाण्याबाहेर उभे होते आणि बोट त्यांच्यामधून सांभाळून जात होती. मासळीच्या टोपल्या, शेळ्या, रताळ्यांची पोती, सगळ्यांच्या मधे तिघं दाटीवाटीनं बसलेली.

"मी काय म्हणते," सेर्वा पाण्याकडे बघत म्हणाली, "नानांना आता बोलता येत नाही."

"मग?"

"आपण सांगू, ऐकलं. जपून ठेवलंय. फिल्ममध्ये येणार. म्हातारीला किती दिवस उरलेत? शांतपणे जाऊ दे तिला."

"आणि त्या म्हणाल्या ऐकवा, तर?"

"मशीन बिघडलंय म्हणू. फान्ती सांगेल, त्याला इंग्रजी शब्द बरेच येतात. दोन-चार टाकले की कुणी पुढं विचारत नाही."

बैदू हसला नाही. "सिस्टा, मी माशांच्या बाबतीत खोटं बोलतो, बायकोशी बोलतो. या बाईशी नको."

"तुझ्याकडे दुसरं काही आहे? असेल तर दे! नसेल तर गप बस."

पोमानं अज्वाला मांडीवर सावरलं. अज्वा तिच्या पदराची गाठ चोखत होती. पोमाला वाटलं, सेर्वाचं खरं असावं. खोट्यानं एक म्हातारी सुखानं मरणार, खऱ्यानं काय होणार? मग तिला ते डाव्या हातानं कानाकडे दाखवणं आठवलं. काठ येईपर्यंत तिला काही ठरवता आलं नाही.

नाना बिरागो अंगणात आंब्याखाली बसल्या होत्या. तिकडे आजीलाही नानाच म्हणतात आणि आजोबालाही. चेहऱ्याची एक बाजू खाली ओघळलेली, पण डोळे लख्ख. शेजारी ओचामे उभा, हातात सोनेरी मुठीची काठी. राणीमातेशी थेट बोलायचं नसतं. तिचं बोलणं ओचामे लोकांना सांगतो, लोकांचं तिला. आता एका बाजूनं बोलणंच संपलं होतं, तरी म्हातारा ओचामे काठी घेऊन ताठ उभाच.

पाणी दिलं गेलं, वाटेची विचारपूस झाली. मग सेर्वानं घसा साफ केला.

"ओचामे, नानांना सांगा. त्यांनी जे बोलून ठेवलं, ते आम्ही ऐकलं. फार मोलाचं आहे. आम्ही ते जपून ठेवलंय."

ओचामेनं ते उंच आवाजात, आपल्या चार गोड शब्दांची भर घालून सांगितलं. नानांचा चांगला असलेला अर्धा चेहरा उजळला. असा उजळला की बैदूनं मान फिरवली. त्यांनी डावा हात उचलला, कानाशी नेला आणि सेर्वाकडे रोखून पाहिलं. मग हात पुढे केला. द्या.

"ते मशीन..." सेर्वानं सुरुवात केली.

"नाही!" पोमा ओरडली. अज्वा दचकून रडायला लागली. "ओचामे, ते खोटं आहे. कुणी ऐकलं नाही. ते उरलंच नाही. मी पुसलं. कोरं समजून मी ते पुसलं आणि त्यावर लग्न भरलं. ते आता कुठंच नाही, नाना. कुठंच नाही."

ओचामे मुका झाला. उभ्या जन्मात त्यानं कुणाचं बोलणं पोचवायचं टाळलं नसेल. आज त्याचे ओठ हलेनात. गरजही नव्हती. नानांचे कान शाबूत होते.

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. मग हळूहळू मांडीवर आला.

कुणीतरी शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, असं पोमाला मनापासून वाटत होतं. ती अज्वाला थोपटत होती, रडणं थांबत नव्हतं, आणि गडबडीत तिनं टोपलीतलं ते पांढरं फडकं खांद्यावरून ओढून पोरीचं तोंड पुसलं.

नानांच्या घशातून आवाज आला. त्यांनी फडक्याकडे बोट केलं. पोमा गुडघ्यावर सरकत जवळ गेली. नानांनी फडक्याचा काठ चिमटीत धरला, निळा दोरा बोटानं चाचपला. मग छातीवर हात ठेवला, मग पाण्याकडे दाखवलं, जिथं जुनं गाव होतं. मग हाताचा पसा केला, एवढासा. अज्वाहून पुष्कळ लहान.

"देवा," सेर्वा पुटपुटली.

"काय, सिस्टा?"

"आठव्या दिवसाच्या आत गेलेलं पोर," सेर्वाचा आवाज खोल गेला. "त्याला पोर म्हणत नाहीत. पाहुणा आला आणि गेला. नाव ठेवायचं नाही, रडायचं नाही. माझी आजी सांगायची, पूर्वी आईला त्या दिवशी पांढरं नेसवायचे आणि शेंगदाण्याचं सार खायला लावायचे. त्याला कळावं, तुझ्यावाचून आमचं काही अडलेलं नाही."

पोमानं हातातल्या फडक्याकडे पाहिलं. तेच ते नेसणं. त्याचा तुकडा.

"नाव," ती म्हणाली. "नाना, तुम्ही त्या दिवशी दार लावून त्या बाळाला नाव ठेवलंत?"

नानांनी डोळे मिटले आणि उघडले. होय. त्यांच्या ओठाची शाबूत बाजू थरथरली, जबडा झटला, पण बाहेर आली नुसती हवा. त्यांनी अज्वाच्या कानातल्या इवल्या डुलाला बोट लावलं. मुलगी होती.

"वार!" पोमा म्हणाली. "वार तर विचारता येईल. जन्मवाराचं नाव तर प्रत्येकाला असतं. सातच आहेत. ओचामे, तुम्ही विचारा."

ओचामे मागं सरकला. "अशा पोराचं नाव या काठीसमोर घेता येत नाही, बाई. कुणी घेतलेलं नाही." त्यानं नानांकडे पाहिलं. कितीतरी वर्षं त्यांचा शब्द न् शब्द त्याच्या तोंडून गेला होता; एवढा एकच तेवढा गेला नव्हता. तो वळला, काठी आंब्याच्या बुंध्याला टेकवली आणि मोकळ्या हातांनी परत आला. काठीशिवाय तो अचानक कुणाचातरी थकलेला काका दिसायला लागला. तो नानांच्या समोर, जमिनीवरच बसला.

"अकोसुआ?" त्यानं हळूच विचारलं. रविवारची.

नानांचे डोळे मिटलेले.

"अज्वा?" सोमवारची. पोमाची पोर आपल्या नावाला वळून बघू लागली. नानांचे डोळे मिटलेलेच.

"अबेना? अकुआ? या?" मंगळवारची, बुधवारची, गुरुवारची.

वारा पडला होता. बैदूची कॅमेऱ्याची पिशवी बंदच होती. त्यानं ती पायानं आणखी मागं ढकलली.

"अफिया?"

नानांनी डोळे उघडले.

"अफिया," ओचामे मोठ्यानं म्हणाला, जसं तो सगळ्या गावाला सांगायचा तसं. "नाना बिरागोंची शुक्रवारची लेक अफिया." त्याचा आवाज फाटला. नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ओघळलेल्या गालावरून वाट चुकत हनुवटीपर्यंत गेलं. पोमाने ते त्याच फडक्यानं टिपलं. क्षणभर तिला वाटलं, वाचलो. थोडं तरी परत मिळालं.

पण नानांनी एक बोट उभं केलं.

वाराचं नाव देवच ठेवतो. आठव्या दिवशी माणसं जे ठेवतात ते दुसरं. नानांनी दार लावून ठेवलं होतं ते दुसरं.

"तुमच्या आईचं?" पोमाने विचारलं. "आजीचं? मावशीचं?" नाही. "सेर्वा? दुफिये? अग्यापोमा?" नाही, नाही. सेर्वाही पुढं येऊन बसली आणि तिच्या ओळखीच्या बायकांची नावं सांगू लागली. मग ओचामे बुडालेल्या गावातली. मग बैदू, फान्ती नावं. एकेका नावाला नाना डोळे मिटूनच राहत. वारांना शेवट होता, या नावांना नव्हता.

काठावर बोटीचा भोंगा वाजला, आजची शेवटची. सेर्वानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. अज्वा आईच्या मांडीवर झोपून गेली होती.

"अन्सा?" पोमा म्हणाली. तिचा घसा बसला होता. "आसिये? कोन्दू?"

नानांची बोटं फडक्याच्या निळ्या दोऱ्यावरून फिरत होती, आणि डोळे मिटलेले होते.