मिशाळरावांकडे पाठ करून

दादा गेला तेव्हा त्याच्या घरातून मी एकच गोष्ट मागून घेतली, मिशाळराव. म्हणजे त्याचा कॅटफिश. वीतभर लांब, तपकिरी अंगावर काळे ठिपके आणि ओठांपासून थेट पोटापर्यंत लोंबणाऱ्या मिशा. दादा पुस्तकं बांधायचा. त्याच्या कामाच्या खोलीत, कागदांच्या गठ्ठ्यांमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात ही काचेची टाकी असायची. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आणि तळाशी काठ फुटलेलं जुनं खळीचं मडकं. दादाला ना बायको ना मुलं. त्याच्याबरोबर रोज राहिलेला एवढाच एक जीव मागे उरला होता आणि तो मला माझ्याजवळ हवा होता.

टाकी घरी आली आणि आमच्या ह्यांनी तिचा ताबा घेतला. हे चष्मेवाले. लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून खटपट करण्यात ह्यांचा जन्म गेला. काचेवर बोटाचा ठसा दिसला की ह्यांना घास गोड लागत नाही. मी भाजी घेऊन येईपर्यंत ह्यांनी चहाचं पाणी ओतून दिलं होतं, शेवाळ खरवडलं होतं, तळाला पांढरीशुभ्र वाळू पसरली होती आणि वर दुकानातला जादा दिवा लावला होता. मडकं बाल्कनीत गेलं होतं. बाहेरून काच चष्म्याच्या फडक्यानं पुसणं चाललं होतं.

“बघ, आता कसं लख्ख दिसतंय!”

“दिसतंय काय कपाळ? मासा कुठाय?”

मासा पंपाच्या नळीमागे अंग चोरून बसला होता. ह्यांनी मला दाखवायला म्हणून काचेवर टिचकी मारली. मिशाळराव सुसाट निघाले आणि समोरच्या काचेवर धाडकन आपटले.

त्या दिवसापासून घरात कुणी शिंकायची सोय राहिली नाही. दार लागलं, चमचा पडला, नुसतं कुणी समोरून गेलं तरी त्याची पळापळ. एक मिशी अर्धी तुटली. टाकलेलं खाणं पांढऱ्या वाळूवर तसंच पडून राहायचं. मी दिवसभर काचेला नाक लावून बसायचे. “अरे, मी त्याची बहीण,” असं त्याला समजावून सांगायचे. तो आणखी आत सरकायचा. मला त्याचा राग यायचा आणि मग रडू यायचं.

“अगं, असा तो मरेल,” हे एकदा म्हणाले. “मी मासेवाल्याशी बोललोय. शुक्रवारी येऊन घेऊन जाईल. त्याच्याकडे मोठी टाकी आहे.” मायेनंच म्हणाले, त्याचाच मला जास्त राग आला.

“मलाही द्या त्याच्याबरोबर,” मी म्हटलं.

गुरुवारी दुपारी रडून रडून माझं डोकं ठणकायला लागलं. मी टाकीवरचा दिवा बंद केला, पडदे ओढले आणि भिंतीकडे तोंड करून सोफ्यावर पडले. पडद्यातून झिरपणाऱ्या उन्हानं खोली हळूहळू तपकिरी झाली. डोळा लागला की नाही कोण जाणे, पण मी दादाच्या खोलीत होते. खळीचा वास येत होता. माझ्या पाठीमागे दादा काहीतरी आवरत होता, सरकवत होता. बारीक खसखस ऐकू येत होती. आणि झोपेतही मला पक्कं ठाऊक होतं, की वळायचं नाही.

कारण दादा होताच तसा. पाहुणे आले की हा स्वयंपाकघराच्या दारामागे. आई हाक मारायची, “अरे, ये की बाहेर, कुणी खाणार नाही तुला!” जितक्या हाका, तितका तो आत. पण मी दाराकडे पाठ करून मटार सोलत बसले की पावलं न वाजवता यायचा, माझ्या पाठीला पाठ लावून बसायचा, भांड्यातले दाणे मूठमूठ पळवायचा आणि बोलत सुटायचा. मनातलं सगळं. दादाचं खरं बोलणं मी जन्मभर पाठीनंच ऐकलं.

जाग आली तरी खसखस चालूच होती. खोटी नव्हती. मी वळून पाहिलं मात्र, मिशाळराव नळीमागे पसार. वाळूवर मिशांचे ओरखडे होते.

संध्याकाळी हे आले आणि त्यांचा हात सवयीनं बटणाकडे गेला.

“दिवा नको.”

“अगं, मग तो दिसणार कसा?”

“त्याला दिसायचंच नाहीये.”

हे अंधारात वाकून बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “डोळे बघ किती बारीक आहेत. हा सगळं मिशांनी चाचपतोय. आणि मी बसलोय काच पुसत.” उठून बाल्कनीत गेले, मडकं धुऊन आणलं, बाही वर करून पाणी न हलवता तळाशी ठेवलं. टाकीच्या तीन बाजूंना, तिच्याभोवती गुंडाळून आलेला दादाचा पुठ्ठ्यावर लावायचा तपकिरी कागद चिकटवला. सुरकुती न पाडता, अर्थातच.

शुक्रवारी मासेवाला आला. ह्यांनी त्याला जिन्यातच अडवलं. मी आतून ऐकत होते.

“हळू बोला. झोपलेत.”

“कोण?”

“मेव्हणे,” हे म्हणाले आणि दार आवाज न करता लावून घेतलं.

दिवस कलायला लागला तशी मी टाकीकडे पाठ करून जमिनीवर बसले, मांडीत मटार घेऊन. हे समोर उंबऱ्यावर बसले. एक वाफवलेला दाणा त्यांनी आधीच पाण्यात सोडला होता. खोली पुन्हा चहाच्या रंगाची होत गेली. शेंगा फुटायच्या तेवढाच आवाज.

“मिशी बाहेर आली,” हे कुजबुजले.

मी सोलत राहिले.

“आता डोकं. दाण्यापाशी गेला. अगं, खातोय!” हे उंबऱ्यावरून पुढे वाकले. “तुझ्या अगदी पाठीशी आलाय. काचेला टेकलाय बघ. वळ ना.”

माझे डोळे इतके भरून आले होते, की वळले असते तरी काही दिसलं नसतं.

“तुम्ही बघा आणि मला सांगा,” मी म्हटलं, आणि दाण्यांचं भांडं सवयीनं थोडं मागे सरकवलं.