गरज उरलेली नाही

प्रतिवेदक बाईंनी छापखान्यातून आलेली कच्ची पानं खासदारांच्या पुढ्यात सरकवली आणि पेन्सिलीचं टोक एका ओळीखाली टेकवून ठेवलं.

“हे असंच राहू द्यायचं?”

खासदारांनी कपाळावर चढवलेला चष्मा खाली ओढला. संसदेच्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत दुपारची सुस्ती होती. पंख्याच्या वाऱ्याने पानं उडू पाहत होती, म्हणून बाईंनी त्यांच्यावर पाण्याची बाटली आडवी ठेवली होती. तीन आठवडे दोघं इथे बसून पुस्तकाचं काम करत होती. खासदारांचं हे शेवटचं अधिवेशन. पाचदा निवडून आल्यावर आता पुरे, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांच्या भाषणांचं पुस्तक काढायचं पक्षाने ठरवलं होतं. ‘परदेशी मदत आणि आपला प्रदेश’ असं नावही पक्षानेच देऊन टाकलं होतं. सभागृहात बोललेला शब्दन् शब्द लिहून घेण्यात बाईंची पंचवीस वर्षं गेली होती. त्यामुळे संपादनाला त्यांच्याइतकं योग्य माणूस दुसरं नव्हतं.

ओळ अशी होती: ‘तिथल्या डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलं, की आता या बोटीची इथे गरज उरलेली नाही.’

“का? काही चुकलंय?”

“छपाईत नाही चुकलेलं.”

बाईंची पेन्सिल त्या ओळीखालीच होती.

भाषण अकरा वर्षांपूर्वीचं होतं. सरकारने शेजारच्या देशाला मदत म्हणून एक दवाखान्याची बोट दिली होती. तिकडच्या मोठ्या नदीच्या मुखाशी, जिथे रस्ते पोहोचत नाहीत अशा गावांमधून ती फिरायची. आणि इकडे खासदारांच्या मतदारसंघात सात बेटं होती, त्यांतल्या एकावरही डॉक्टर नव्हता. आपल्या बायका मासेमारीच्या होडीत बाळंत होतात आणि आपली बोट परक्यांच्या नदीत फिरते, असं ते त्या दिवशी म्हणाले होते. पाहणीसाठी गेलेल्या समितीत ते स्वतः होते, म्हणून डॉक्टरांच्या त्या वाक्याला वजन आलं. चार महिन्यांत बोट परत आली. बेटांवर लोक त्यांना ‘बोटवाले भाऊ’ म्हणू लागले, आणि पुढच्या दोन निवडणुकांत त्यांना प्रचाराला फारसं फिरावंही लागलं नाही.

“त्या दौऱ्यात मी तुमच्या मागच्या खुर्चीवर होते,” बाई म्हणाल्या. “समितीची टिपणं मीच घेत होते.”

“हो, होतात खऱ्या.”

“डॉक्टर काय म्हणाले ते माझ्या वहीत आहे. आणून दाखवू?”

“नको.”

त्यांना आठवत होतं. बाह्या दुमडलेला, मानेवर घामोळं उठलेला तो डॉक्टर हात धुता धुता बोलत होता. नदी फुगली की इथून हॉस्पिटल दोन दिवसांवर जातं, ही बोट नेऊ नका, असं म्हणाला होता. नेऊ नका हे त्याने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना खासदारांचं मनगट धरलं. त्याचा हात ओला होता.

“मग तेव्हाच का नाही बोललात?” खासदारांचा आवाज नको तितका चढला.

“माझं काम लिहिण्याचं. तुम्ही बोललात, मी लिहिलं.” बाईंनी आता पेन्सिल उचलून कानामागे खोवली. “पण या पुस्तकात आतल्या पानावर तुम्ही माझंही नाव घालताय. म्हणून विचारलं.”

रविवारी ते ताईकडे गेले. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. आधी बेटांवर सुईण होती, आणि बोट आल्यापासून बोटीवरची मुख्य नर्स. बोट तिसऱ्या बेटाच्या धक्क्याला लागली होती. तपासण्या आटोपल्या होत्या. ताई वाकून उकळलेली हत्यारं फडक्यावर मांडत होती.

“न सांगता आलास? तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“मग तोंड असं का झालंय?”

ते औषधांच्या पेटीवर बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. डॉक्टरांचं खरं बोलणं, सभागृहातलं आपलं वाक्य, बाईंची पेन्सिल. सांगताना ते ताईकडे बघत नव्हते. खाली पाण्यावर तेलाचा तवंग हलत होता, तिकडे बघत होते.

“दौऱ्याच्या आधीच्याच आठवड्यात तुझ्या मांडीवर ती पोरगी गेली होती,” ते म्हणाले. “होडीत, बाळंत होताना. तू फोनवर नुसती रडत होतीस. माझ्या डोक्यात तेच होतं. तुझ्यासाठीच मी...”

“माझ्यावर ढकलू नकोस.”

ताईने चिमटा खाली ठेवला. हात पुसले. मग आतल्या खोलीत गेली आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण गंजलं होतं, तिने ते चमच्याने उचकटलं. आत कार्डं होती. पिवळी पडलेली, दोऱ्याने बांधलेली.

“बोट आली त्या दिवशी साफसफाई करताना कपाटात सापडली. तिकडच्या बायकांची आहेत. गरोदर बायकांची. तिकडची अक्षरं मला कुठली वाचता यायला? पण आकडे कळतात. पुढच्या तपासणीच्या तारखा आहेत, आणि ही खालची बाळंतपणाची.”

खासदारांनी वरचं कार्ड हातात घेतलं. तारीख बोट इकडे आल्यानंतर नऊ दिवसांची होती.

“किती आहेत?”

“सदोतीस.”

धक्क्यावर कुणीतरी दोरी ओढून बांधत होतं.

“म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” ते म्हणाले.

“गरज संपली म्हणून बोट परत दिली, असं तू सांगत होतास. आणि माझ्या हातात ही. मला कळणार नाही?” ताई त्यांच्या शेजारी टेकली. “पण मला बोट हवी होती रे. त्याच आठवड्यात पायाळू मूल आलं, आई आणि मूल दोन्ही वाचली. मग मी तुला काय विचारणार? पहिले दोन महिने रोज सकाळी डबा उघडायची. ज्या बाईची तारीख असेल तिचं कार्ड उलटं करून ठेवायची. सगळी उलटी झाली तेव्हा दोरा बांधला.”

“आता काय करू?”

“मला विचारतोस?” ती उठली आणि पुन्हा हत्यारांशी गेली. तिच्या पाठीला पोक येऊ लागलाय, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं. “पुस्तकातलं वाक्य खोडून काय होणार आहे? जिथे बोललास तिथे जाऊन बोल. आणि तिकडे दुसरी बोट पाठवायला सांग. ही मागू नकोस. ही मी सोडणार नाही.”

गुरुवारी प्रश्नोत्तरं संपल्यावर अध्यक्षांनी त्यांना वैयक्तिक निवेदनासाठी पाच मिनिटं दिली. खासदार उभे राहिले. आयुष्यभर कागदाशिवाय बोलणारा माणूस आज कागद धरून होता. आपण या सभागृहात खोटं बोललो, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. डॉक्टर खरोखर काय म्हणाले ते सांगितलं. सदोतीस कार्डांचं सांगितलं. ती कुणाकडे आहेत हे सांगितलं नाही. शेवटी त्यांनी मागणी केली, की तिकडे दुसरी बोट पाठवावी, आणि ती याच वर्षी पाठवावी.

ते बसले. समोरून हेटाळणी होईल, राजीनामा मागतील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. पण विरोधी बाकांवरच्या एका ज्येष्ठ सदस्याने बाक वाजवायला सुरुवात केली, आणि बघता बघता दोन्ही बाजूंची बाकं वाजू लागली. मंत्री उभे राहिले. असा प्रांजळपणा या सभागृहाने क्वचितच पाहिला असेल, म्हणाले. सन्माननीय सदस्य निवृत्त होताना आपल्या सगळ्यांना एक धडा देऊन जात आहेत, म्हणाले. पुन्हा बाकं वाजली. बोटीबद्दल मंत्री काहीच बोलले नाहीत. अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला.

दुपारी ते प्रतिवेदक बाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. बाई सकाळच्या कामकाजाची प्रत तपासत होत्या.

“ते बाकं वाजवल्याचं लिहिलंय?”

“कंसात लिहिलंय. दोन्ही वेळचं.”

“काढता येईल?”

“घडलं ते काढता येत नाही, साहेब.”

“मंत्र्यांनी बोटीवर उत्तर दिलं नाही. ते लिहिता येईल?”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात पहिल्यांदाच थोडी माया होती. “घडलं नाही ते कसं लिहू?” त्या म्हणाल्या.

पुस्तक नको, असं पक्षाच्या कचेरीत कळवून टाकायचं ठरवूनच ते मागच्या खोलीत आले आणि पानं गोळा करू लागले. तेवढ्यात दारावर टकटक झाली. शेजारच्या मतदारसंघातून पोटनिवडणुकीत नुकत्याच निवडून आलेल्या बाई होत्या. आधी एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि बोलताना अजूनही फळ्याशी उभ्या असल्यासारख्या ताठ उभ्या राहायच्या.

“भाऊ, आज तुम्ही बोलत होतात आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच सांगते.”

ते नुसते हसले.

“एक काम होतं. सोमवारी माझं पहिलं मोठं भाषण आहे. तुम्ही एकदा नजर टाकाल का?” त्यांनी पर्समधून घडी घातलेले कागद काढले. “खारं पाणी गोडं करायची यंत्रं आपण पलीकडच्या बेटदेशाला दिलीत ना, त्याबद्दल आहे. आमच्या किनाऱ्यावर विहिरी खारावल्यात. पोरं सारखी आजारी पडतात. माझ्या शाळेतली पोरं आहेत हो ती, नावानिशी ओळखते मी त्यांना. ती यंत्रं परत आणा, अशी मागणी करणार आहे. तुमचं ते बोटीचं भाषण समोर ठेवूनच लिहिलंय. मांडणी शिकण्यासारखी आहे त्याची.”

खासदारांनी कागद घेतले. अक्षर वळणदार, शिक्षकी होतं. पहिलं पान त्यांनी वाचलं, चांगलं होतं. दुसरं वाचताना त्यांचा अंगठा एका ओळीवर थांबला.

“तुम्ही तिकडे जाऊन आलात?”

“गेल्या महिन्यात. शिष्टमंडळाबरोबर.”

“‘तिथल्या लोकांना आता या यंत्रांची तितकीशी गरज भासत नाही,’ असं लिहिलंय.”

“हो. म्हणजे, एकंदरीत तसं वाटलं.”

“वाटलं, की कुणी सांगितलं?”

मुख्याध्यापिकांनी पर्सची चेन ओढली, उघडली, पुन्हा ओढली. “सकाळीच तुम्ही बोललात, आणि मी हे घेऊन आलेय,” त्या हळूच म्हणाल्या. “पण तुमचं वेगळं होतं ना, भाऊ. तिथे तर बायकांच्या जिवाचा प्रश्न होता.”

खासदारांनी शेजारची खुर्ची ओढून त्यांच्याकडे वळवली.

“बसा.”

त्या बसल्या. ताठच बसल्या.

“यंत्राशी कोण होतं?”

“एक म्हातारी होती. घागर घेऊन आली होती.”

“तिच्याशी बोललात?”

“दुभाषा होता. बोलले थोडं.”

“काय म्हणाली?”

मुख्याध्यापिका दाराकडे बघत राहिल्या. बाहेर सदस्यांना कामकाजाला बोलावणारी सभागृहाची घंटा वाजू लागली, व्हरांड्यातून पावलं लगबगीने जाऊ लागली. मग पावलं विरळ झाली, थांबली, घंटाही थांबली. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.